गेंटिंगच्या फर्स्ट वर्ल्ड हॉटेलात कुटुंबासह राहायचे तर

क्वालालंपूर-गेंटिंग-सिंगापूर हे पॅकेज बडोद्यात रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत कोणत्याही टूरवाल्याकडे मिळते. त्यात गेंटिंगला, म्हणजे मलेशियात क्वालालंपूरजवळच्या डोंगरावरच्या करमणूक संकुलात, मुक्काम असला तर तो बहुधा फर्स्ट वर्ल्ड हॉटेलातच. रंगीबेरंगी भिंतींच्या या हॉटेलात ७,३५१ खोल्या आहेत. जगातले सर्वांत जास्त खोल्यांचे हॉटेल म्हणून गिनीज बुकाने २०१५ साली त्याची नोंद केली. टूरवाले हा आकडा कौतुकाने सांगतात. ऐकणाऱ्याने मात्र त्यातून एवढेच समजावे की चेक-इनला, लिफ्टला आणि नाश्त्याला माणसेच माणसे असणार.

खोली इतकी स्वस्त का पडते, हे आधी कळले तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत. मलेशियात कायदेशीर कॅसिनो फक्त याच डोंगरावर आहे आणि सगळ्या संकुलाचा डोलारा त्यावर उभा आहे. खोली हे गिऱ्हाईक वर आणण्याचे साधन. म्हणून मंगळवार-बुधवारी भाडे एकदम खाली असते, आणि शनिवारी, चिनी नववर्षाला किंवा शाळांच्या सुट्ट्यांत त्याच खोलीचे दुप्पट-तिप्पट होते. दिवाळीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, दीपावलीची सुट्टी मलेशियात आणि सिंगापुरातही असते, त्यामुळे तिथली कुटुंबेही त्याच वेळी डोंगर चढतात. शिवाय ते दिवस पावसाचे. एप्रिल-मेच्या सुट्टीतही सरी येतात, पण जाणे आठवड्याच्या मधल्या वारी जमवले तर खिशाला बरे पडते.

आता खोली. साधी स्टँडर्ड खोली लहान, स्वच्छ, आणि तिच्यात एसी नाही, पंखा आहे. हे ऐकून बडोदेकर दचकतो, पण हॉटेल समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे आणि रात्री पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. एसीची गरज भासत नाही. त्रास होतो तो दमटपणाचा. ढग अक्षरशः खिडकीला टेकलेले असतात, त्यामुळे धुतलेला रुमालसुद्धा दुसऱ्या दिवशी ओलाच राहतो. मुलांचे कपडे मोजून न्यावेत, तिथे धुऊन वाळवू हा हिशेब चालत नाही. फ्रिज, केटल, जास्तीची गादी यांतले काहीही गृहीत धरू नये. बुकिंग करताना त्या खोलीच्या यादीत लिहिले असेल तेवढेच मिळते. एसी हवाच असेल तर वरच्या श्रेणीची खोली घ्यावी. आजी-आजोबांसह दोन-तीन खोल्या लागणार असतील तर त्या एकाच टॉवरमध्ये, एकाच मजल्यावर मिळाव्यात असे बुकिंगमध्येच लिहून द्यावे. खात्री कोणी देत नाही, पण न सांगता तर मुळीच जमत नाही, आणि एका टॉवरमधून दुसऱ्यात जाणे म्हणजे चांगली पायपीट.

चेक-इनला काउंटरपेक्षा किऑस्कवर, म्हणजे आपले आपण चेक-इन करायच्या यंत्रावर, वेळ वाचतो. बुकिंग क्रमांक आणि पासपोर्ट हातात तयार ठेवावा. मोबाइलची बॅटरी संपलेली आणि क्रमांक ईमेलमध्ये, असे झाले की रांग तुंबते. परदेशी पाहुण्यांना पर्यटन कर पडतो, दर खोलीला दर रात्री १० रिंगिट (मलेशियाचे चलन). पॅकेजमध्ये तो धरला आहे का, हे बडोद्यातच लेखी विचारून घ्यावे. 'सगळे आले त्यात' या उत्तरात तो बऱ्याचदा नसतो. अनामत रक्कम द्यावी लागली तर क्रेडिट कार्ड पुढे करावे. डेबिट कार्डावरून कापलेली रक्कम परत यायला पुष्कळ दिवस लागतात. प्लगची तीन चौकोनी पिनांची ब्रिटिश पद्धत आहे. अ‍ॅडॉप्टर घरून न्यावा.

वर जाण्याचा चांगला मार्ग म्हणजे क्वालालंपूरच्या केएल सेंट्रलहून बस, मग अवाना स्थानकापासून केबल कार. बसला तासभर, केबल कारला सुमारे दहा मिनिटे. २.८ किलोमीटरची ही तार जंगलावरून जाते आणि एका डब्यात दहा माणसे बसतात, पण मोठ्या बॅगा असल्या तर तेवढी मावत नाहीत. म्हणून क्वालालंपूरच्या हॉटेलात परत यायचे असेल तर मोठे सामान तिथेच ठेवून एका रात्रीपुरती पाठपिशवी घ्यावी. काचेच्या तळाच्या डब्याला जास्त पैसे आहेत. धुके असले तर पायाखाली फक्त पांढरे दिसते, तेव्हा तिकीट हवा पाहून काढावे. वाटेत चिन स्वी देवळाचे स्थानक लागते, त्याच तिकिटावर उतरता येते का ते खिडकीवर विचारावे. देऊळ पाहण्यासारखे आहे, पण पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी मन आवरावे. टॅक्सीने गेलात तर शेवटचा घाट वळणावळणाचा. गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी अर्धा तास गोळी द्यावी, वळणे सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो.

कॅसिनोबद्दल थोडक्यात. २१ वर्षांखालील कोणालाही आत सोडत नाहीत, मुसलमानांना तिथे मनाई आहे, आणि पासपोर्ट जवळ लागतो. मुले असतील तर एका मोठ्याला बाहेर थांबावेच लागते. न शिरल्याने काही अडत नाही.

मुलांसाठी दोन पार्क आहेत आणि दोन्हींत लोक गल्लत करतात. स्कायट्रोपोलिस छपराखाली आहे. पाऊस असो, धुके असो, चालू राहते आणि लहान मुलांना तेच पुरते. गेंटिंग स्कायवर्ल्ड्स २०२२ साली उघडले, ते उघड्यावर आहे, तिकीट चांगलेच महाग आणि वीज कडाडू लागली की मोठे झोपाळे थांबवतात. पाऊस दुपारनंतर धरतो, म्हणून सकाळी दार उघडताच आत जाऊन उंचावरचे खेळ आधी उरकावेत, छपराखालचे दुपारी. काही खेळांना उंचीची अट असते. मुलाची उंची घरीच मोजून संकेतस्थळावर ताडून पाहावी, नाहीतर रांगेच्या टोकाला रडारड ठरलेली. आठ ते पंधरा वयाच्या मुलांना ही जागा मनापासून आवडते. चार वर्षांच्या मुलासाठी स्कायवर्ल्ड्सचे तिकीट काढणे म्हणजे पैसे पाण्यात.

शाकाहारी घरांची खरी परीक्षा जेवणात. 'व्हेज' म्हटल्यावर मांसाचे तुकडे नसतात, एवढाच अर्थ तिथे पुष्कळदा धरतात. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात, त्याच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, सुकी मासळी किंवा बलाचान म्हणजे कोळंबीची चटणी असते, परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस पडतो, रोटी चनाई या पराठ्यासारख्या पोळीच्या कणकेत कधी अंडे असते आणि सोबत डाळीऐवजी माशांची करी येऊ शकते. म्हणून 'व्हेज आहे का' एवढे न विचारता मासळी, अंडे, बलाचान, ऑयस्टर सॉस ही चार नावे घेऊन विचारावे. चिनी बौद्ध शाकाहारी दुकान दिसले तर बिनधास्त बसावे, तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. ताटात कोंबडीसारखे दिसेल ते सोयाचे किंवा गव्हाच्या प्रथिनाचे असते, आजीला आधीच सांगून ठेवावे. हॉटेलचा नाश्ता पॅकेजमध्ये फुकट असला तरच घ्यावा.

घरचा खाऊ न्यावाच. थेपले, खाखरे, चिवडा मजेत टिकतात. बडोद्याचा लीलो चिवडा ओलसर, तो पहिल्या दिवशीच संपवावा. धुक्यात सेव-उसळीची आठवण येते, त्याला इलाज नाही. भाखरवडीबाबत मात्र सावध. पुढे सिंगापूर असेल तर तिच्या सारणातली खसखस नडते, कारण सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे. चघळायच्या तंबाखू-गुटख्याचेही तेच. भाखरवडी मलेशियातच फस्त करावी किंवा बिनखसखशीची करून घ्यावी.

कागदपत्रे सोपी. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एमडीएसी हा डिजिटल फॉर्म प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचाही, भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की बंद करावे.

एक रात्र पुरे की दोन? स्कायवर्ल्ड्स करायचे असेल तर दोन, नाहीतर एक. परतीच्या दिवशीच अहमदाबादचे विमान मात्र धरू नये. डोंगर शहराच्या एका बाजूला, विमानतळ दुसऱ्या बाजूला, आणि विजा सुरू झाल्या की केबल कार थांबते. धरावेच लागले तर रात्रीचे धरावे आणि सकाळीच खोली सोडून खाली उतरावे. शनिवार-रविवारी परतीच्या बसचे तिकीट जातानाच काढून ठेवावे, संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या असतात.