घर की ऑफिस? दोन्ही करून झाल्यावरचं माझं मत

कंपनीने पर्याय दिलाय, काय घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो: दार लावून बसता येईल अशी खोली आहे का घरात? नसेल तर बाकीची तुलना जरा बाजूलाच ठेवा. हॉलच्या कोपऱ्यात बसलेला माणूस घरच्यांच्या लेखी रिकामाच असतो, "तू घरीच आहेस ना, मग जरा बघ की" हे दिवसातून कितीदा ऐकावं लागतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.

प्रवास वाचतो वगैरे सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. माझ्या दृष्टीने घराचा खरा फायदा म्हणजे सलग वेळ. डोकं घालून करायचं काम, लांबलचक रिपोर्ट, बग असलेला कोड, दहा शीट एकमेकांत अडकलेली एक्सेल, हे घरी सकाळी जसं होतं तसं ऑफिसात माझ्याच्याने कधी झालं नाही. ऑफिसात शेजारचा स्पीकरवर फोन घेतो, मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवतो, आणि एकदा लिंक तुटली की तुटली.

आता ज्यामुळे माझं पारडं फिरलं ते सांगतो, हसू नका. चॅटवर येणारं नुसतं "हाय". बास, तेवढंच. पुढे काही नाही. आपण हातातलं सोडून "बोला" लिहायचं, मग तिकडे "टायपिंग" दिसणार, थांबणार, परत दिसणार, परत गायब. आपण त्या तीन टिंबांकडे बघत बसलोय, कामही धड सुरू नाही आणि उत्तरही नाही. बऱ्याच वेळाने येतं काय, तर "ती फाइल फायनल आहे का जुनी?" अहो, ऑफिसात हे खुर्ची अर्धी वळवून विचारलं असतंत, मी मान हलवली असती, संपलं! आणि हे उलट बाजूनेही तितकंच खरं, मला अडलं की मी मेसेज टाकून समोरच्याच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसतो, तो मीटिंगमध्ये, मग कॉलची वेळ ठरवा, मग त्या कॉलला आणखी दोघं, आणि अर्ध्या मिनिटाच्या शंकेचा अर्धा तास होतो. दिवसाच्या शेवटी थकवा पूर्ण आणि काम काय केलं विचारलं तर सांगता येत नाही. काहींना याचा अजिबात त्रास होत नाही हे मान्य, ज्यांचं काम एकट्याचं असतं त्यांना तर हे वाचून मी उगाच कुरकुरतोय असंच वाटेल.

पण हे नुसतं माझंच रडगाणं नाही. मायक्रोसॉफ्टने 2020 च्या पहिल्या सहा महिन्यांतला स्वतःच्या अमेरिकेतल्या 61 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा डेटा तपासला होता, त्यात दिसलं की सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या गटात जास्त बंद झाले, कॉलसारखं त्याच वेळी होणारं बोलणं कमी झालं, ईमेल आणि मेसेज वाढले.

घराच्या बाजूने बोलणारे हमखास चीनच्या सीट्रिप या प्रवास-बुकिंग कंपनीचा प्रयोग काढतात, आणि तो दमदार आहेच. नऊ महिने कॉल सेंटरचे लोक घरून, कामगिरी 13 टक्क्यांनी वर, नोकरी सोडणारे निम्म्यावर. फक्त त्याचे बारकावे कोणी सांगत नाही. ती माणसं स्वतःहून तयार झालेली होती, घरी स्वतंत्र खोली असणं ही अट होती, आणि आठवड्यातला एक दिवस ऑफिसात यायचंच होतं. कामही असं की एकेक कॉल मोजता येतो. शिवाय त्याच कामगिरीवर घरून काम करणाऱ्यांना बढती मात्र कमी मिळाली, आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा निवडा म्हटलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी आपली जागा बदलली. आता हे वाचून कोणाचा मुद्दा सिद्ध झाला म्हणायचं ते तुम्हीच बघा.

बढतीवरून आठवलं, नोकरीला नवीन असाल तर मी तरी ऑफिसच म्हणेन. सीनियर माणूस चिडलेल्या क्लायंटशी फोनवर कसं बोलतो, कुठे गप्प बसतो, हे शेजारी बसून नुसतं कानावर पडूनच शिकायला मिळतं, त्याचं ट्रेनिंग कोणी देत नाही. याउलट घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर माझं सगळं वरचं खुशाल सोडून द्या, घर घ्या.

मी सध्या ऑफिस जास्त आणि घर कमी असं धरलंय, डोकं लागणारी कामं घरच्या दिवसांवर ढकलतो आणि त्या दिवशी चॅट सरळ बंद. तुम्हीही असं मधलं काही निवडणार असाल तर टीमचे बाकीचे कुठल्या दिवशी येतात तेवढं आधी विचारून घ्या, नाहीतर तयार होऊन ऑफिसात जायचं आणि हेडफोन लावून घरी बसलेल्या लोकांशीच व्हिडिओ कॉल करायचा, आणि तेव्हाही पहिला मेसेज "हाय" च येतो.