गांडुळं चांगली, पिशवी वाईट

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. मृदाप्रदूषण दरवर्षी फळ्यावरच उरकायचं. यंदा डिसेंबरात चोपडा रस्त्यालगतच्या एका गांडूळखतवाल्याकडून अर्धा किलो गांडुळं आणली, दोनशे रुपयांत.

माल उत्तम. लालसर, चपळ, बहुतेकांच्या अंगावर पट्टा आलेला, म्हणजे वयात आलेली. जात आयसेनिया फेटिडा; रसायनांची विषारीता तपासायच्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८४ सालच्या चाचणीतही हीच सुचवलेली आहे. तक्रार पॅकिंगची. पिशवीला एक भोक नाही, वरून करकचून गाठ! गांडूळ कातडीनं श्वास घेतं हे विकणाऱ्याला मी सांगायचं? एसटीतून घरी येईपर्यंत तळाची मूठभर मेली होती. फोन केला तर दादांनी पाव किलो फुकट दिली, वाद न घालता. शिवाय सांगितलं, "ताई, ही शेणातली आहेत, एकदम काळ्या मातीत नका टाकू. एक दिवस सवय होऊ द्या." हे ऐकलं म्हणून पुढचं जमलं.

मारून दाखवायचा प्रयोग मला नको होता, म्हणून पळायला जागा ठेवली. डब्यात मधे पुठ्ठा, एकीकडे बांधावरची माती, दुसरीकडे विहिरीजवळची, जिथे फवारणीचा पंप धुतात. ही माती मी स्वतः हातमोजे घालून भरली, पोरांना हात लावू दिला नाही. पुठ्ठा काढून मधल्या रेघेवर दहा गांडुळं सोडली. ४८ तास. शेजारी एक साधा डबा, दोन्हीकडे बांधाचीच माती.

पहिल्या खेपेला फजिती. साध्या डब्यातलीही सगळी एकाच बाजूला! खिडकीतून दुसऱ्या बाजूवर उजेड येत होता आणि गांडुळांना तो सोसत नाही. पुन्हा मांडलं, वर ओलं गोणपाट टाकलं. साध्या डब्यात सहा-चार, विहिरीच्या मातीच्या डब्यात बांधाकडे नऊ आणि विहिरीकडे एक.

"मॅडम, ह्या त बांधकडे पळी ग्यात!" मागच्या बाकावरून आवाज.

पण एका मुलीनं विचारलं, "विहिरीजवळची माती चिबड असते, म्हणून पळाली असतील तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही माती वाळवून, सारखंच पाणी मोजून तिसऱ्यांदा केलं: आठ-दोन. कोणतं औषध, किती, हे यातून कळत नाही, तेही वर्गात सांगितलं.

विहिरीकडच्या डब्यातली वेगळी ठेवली. बाकीची शाळेच्या खताच्या टाकीत आहेत, खिचडीच्या भाजीची देठं फस्त करतात.

गांडुळं या दुकानातून घेण्यासारखी आहेत. फक्त भोकं पाडलेला डबा घरूनच न्या, आणि मे महिन्यात जाऊ नका. आपल्याकडच्या उन्हात एसटीत माणूस टिकत नाही, तिथे गांडूळ काय टिकणार.