आनंदनगरी की पोस्टातलं खातं?

सहावी-सातवीच्या पोरांना पैशाचा व्यवहार शिकवायला आमच्या परभणीकडच्या शाळेत दोन्ही करून पाहिलं: पोस्टातलं खातं आणि आनंदनगरी, म्हणजे पोरांनीच खाऊ विकायचा शाळेतला बाजार.

पोस्टात दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावावर बचत खातं उघडू शकतं. किमान 500 रुपये लागतात, व्याज वर्षाला 4 टक्के; म्हणजे वर्षभरानं 20 रुपये. स्लिप भरणं, सही जुळवणं, पासबुक वाचणं मात्र पक्कं होतं. पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरानं 500 आणायचे कुठून?

आनंदनगरीत मजा वेगळी. सातवीतल्या एका पोरीनं सुशीला (फोडणीचे मुरमुरे) विकली, 10 रुपये प्लेट, 26 प्लेटा. "सर, 260 कमावले!" म्हटलं, मुरमुरे कुणाचे? तेल, शेंगदाणे? ती गप्प. मग वहीच्या मागच्या पानावर खर्च मांडला: 170. उरले 90. तेवढ्यात तिची आई हसली, "अन् माझी मजुरी?" नफा म्हणजे काय, हे फळ्यावर मला कधी इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

खोट एकच. संध्याकाळपर्यंत निम्म्या पोरांची कमाई शेजारच्याच गाड्यावर खर्ची पडते. म्हणून मी आधी आनंदनगरी घेतो. खातं नंतर, ज्याला झेपेल त्याचं.