पॉप्युलेशन जेनेटिक्सचं सिम्युलेटर ॲप: 4 स्टार, एक का कापला तेही सांगते

लोकसंख्येत जनुकाचे प्रकार किती प्रमाणात असतात ते सांगणारं हार्डी-वाइनबर्गचं समीकरण पाठ करून मार्क मिळवले होते, पण उत्क्रांती म्हणजे चांगलं जनुक जिंकतं आणि वाईट हरतं एवढंच डोक्यात बसलेलं, ते ह्या ॲपने पहिल्याच दिवशी मोडलं.

वापरायला एकदम सोपं आहे. लोकसंख्या किती, ॲलीलची, म्हणजे जनुकाच्या एका प्रकाराची, सुरुवातीची फ्रिक्वेन्सी किती, निवडीचा जोर किती, स्लायडर सरकवायचे आणि रन दाबायचं. मी आधी निवड शून्यावर ठेवली, फ्रिक्वेन्सी 0.5 आणि लोकसंख्या फक्त 20, तर काही पिढ्यांतच फ्रिक्वेन्सीच्या रेषा (प्रत्येक रेषा म्हणजे एक वेगळी लोकसंख्या) कुठल्या कुठे, एक वर जाऊन 1 ला चिकटली, दुसरी खाली 0 वर, आणि तेच 1000 केल्यावर सगळ्या मधल्यामध्ये हळूहळू डुलत राहिल्या. ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने फ्रिक्वेन्सी बदलणं, हे वाचून जे कळलं नव्हतं ते डोळ्यांनी बघितलं.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या प्रयोगाने. लोकसंख्या 500, प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, त्यात एकच नवीन म्युटेशन म्हणजे 1000 प्रतींत 1, आणि प्रत्येक प्रतीमागे 1 टक्का फायदा दिला. वाटलं आता हे पसरणारच. पन्नास वेळा रन केलं, सगळ्यांपर्यंत पोचलं फक्त एकदा! आधी वाटलं ॲपमध्येच बग आहे, मग कळलं की जे. बी. एस. हाल्डेन ह्या शास्त्रज्ञांनी 1927 सालीच हे मांडलंय, अशा म्युटेशनची टिकायची शक्यता फायद्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे 2 टक्केच. बाकीची 98 टक्के चांगली असूनही सुरुवातीलाच, मोजक्याच प्रती असताना, निव्वळ योगायोगाने संपतात. त्या रात्री बराच वेळ हाच विचार करत होते, अशी किती उपयोगी म्युटेशन्स येऊन गेली असतील.

सिकल सेलसारखी केसही जमते, एक प्रत असेल तर मलेरियापासून संरक्षण, दोन असतील तर आजार, रेषा मध्येच कुठेतरी स्थिरावते.

आता तक्रार. ॲप धरून चालतं की सगळ्यांना पिल्लं व्हायची संधी सारखीच आणि नर-मादी निम्मे निम्मे. खऱ्या कळपात तसं नसतं ना, 10 नर आणि 990 माद्या असतील तर मोजायला 1000 पण ड्रिफ्टच्या हिशोबात ती लोकसंख्या जेमतेम 40 ची. ही प्रभावी लोकसंख्या ॲपमध्ये कुठेच नाही आणि निदान एक ओळ तरी हवी होती, नाहीतर शिकणारा चुकीचाच आकडा टाकून बसणार.

दुसरं म्हणजे एकावेळी फक्त 10 रेषा. पीटर ब्युरीने 1956 मध्ये फळमाश्यांच्या 107 लोकसंख्या, प्रत्येकीत 16 माश्या, अशा 19 पिढ्या वाढवल्या आणि अर्ध्याहून जास्त ठिकाणी एकच ॲलील उरलं. मला तो प्रयोग इथे करून बघायचा होता, शेवटी 11 वेळा रन करून आकडे वहीत उतरवले. 107 रेषांची सोय आली की पाचवा स्टार लगेच देईन.