ग्राइंडरचा कीस की वेल्डिंगचा धूर?
भोसरीतल्या कुठल्याही शेडमध्ये संध्याकाळी दोन गोष्टी दिसतात: फरशीवर ग्राइंडरचा जाडसर कीस आणि ट्यूबलाइटखाली तरंगणारा वेल्डिंगचा निळसर धूर. पोरं किसाला घाबरतात, कारण तो डोळ्यात जातो, नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. माझ्या मते जास्त घाबरायचं ते धुराला.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकाघशातच अडकतात. धुरातले बहुतेक कण १ मायक्रॉनहूनही लहान. ते पार वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात.

खरी गोम पृष्ठभागात आहे. १० मायक्रॉनच्या एका कणाचे ०.१ मायक्रॉनचे कण केले, तर ते होतात दहा लाख. वजन तेवढंच, पृष्ठभाग १०० पट! खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, कोण आधी विरघळतं ते. फुफ्फुसातली रक्षक पेशी कण गिळते, तिच्या पोटातल्या आम्लात तांब्याचं किंवा जस्ताचं ऑक्साइड विरघळतं आणि सुटलेले आयन (धातूचे विद्युतभारित अणू) तिलाच आतून मारतात. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे धातू कोणता हेही बघावंच लागतं.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्डिंगने जोडल्यावर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, तो जस्ताच्या धुराचा. २०१७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कॅन्सरकारक ठरवला.

तोंडाला बांधलेला रुमाल कीस अडवेल, धूर नाही. धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेणारी नळी लावा.