दाढेला कॅप आणि मला टोपी: २७,००० रुपयांचा अनुभव

रूट कॅनाल 'लेझरने' ९,५००. झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप १४,०००. हिरड्यांची कसलीशी ट्रीटमेंट ३,५००. झाले २७,०००. त्यातले १५,००० गूगल पेवर आणि १२,००० रोख, कारण त्या दिवशी म्हणे 'नेट चालत नव्हतं'. बिल कॅप बसवल्यावर एकदमच देणार होते. पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रकरण चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. उत्तर गोव्यातला दवाखाना आहे. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर दात दाखवणारे गोरे चेहरे.

आठवलं की अंगाची लाही होते ती एकच गोष्ट. खालची दाढ कोरून झाल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर एक्स-रे दाखवला. "बघा ताई, मुळाच्या टोकापर्यंत भरलंय." पांढऱ्या रेघा अगदी सुबक. पण त्या दाढेच्या मागे अक्कलदाढ होती! माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा लग्नाआधीच काढलेल्या. मी तसं म्हटलंसुद्धा, अर्धा जबडा बधिर असताना जमेल तसं. तर म्हणाले, "मिरर इमेज आहे ताई, वरची खाली दिसते." मुळात फोटो काढायला माझ्या तोंडात काही घातलंच कधी होतं? आता सगळे विचारतात, शिकलेली बाई तू, कशी फसलीस? रात्रभर ठणका, गळ्यात तो प्लॅस्टिकचा बिब, तोंडात थुंकी ओढणारी नळी. त्या खुर्चीत बसून तुम्ही घाला वाद.

शिवाय दुखणं थांबलं होतं. संशय येणार कुठून? आता कळतंय की वरच्या पोकळीतला सुजलेला गर काढला की ठणका बसतो, मुळांतली घाण मात्र तशीच राहते. तिथली नस मेलेली, रक्तपुरवठा नाही, त्यामुळे अँटिबायोटिकही आत पोचत नाही. खालच्या पहिल्या दाढेला मुळं दोन, पण नळ्या बहुधा तीन, कधी चार. प्रत्येक नळी बारीक फाईलने (सुईसारख्या कानशीने) साफ करून, औषधाने धुऊन, गट्टा-पर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने टोकापर्यंत भरावी लागते. माझं सगळं काम अर्ध्या तासात उरकलं. आणि ते 'लेझर' म्हणजे निळा दिवा. दातात भरलेलं मटेरियल कडक करायला तो दातांच्या जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात असतो. ९,५०० रुपयांचा दिवा!

ऐन चवथीच्या तोंडावर गाल सुजला. बांबोळीच्या डेंटल कॉलेजात खरा एक्स-रे निघाला. एका नळीत अर्ध्यापर्यंत पांढरी रेघ, बाकीच्या रिकाम्या, मुळाच्या टोकाशी काळी सावली, म्हणजे संसर्गाची खूण. शेवटी एका एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) तज्ज्ञाकडे ११,००० देऊन सगळं पुन्हा केलं. (बीडीएस, म्हणजे पदवीधर दंतवैद्यही रूट कॅनाल उत्तम करतात, उगाच गैरसमज नको.) जुनी कॅप कापताना आत धातू चकाकला. झिर्कोनियाच्या कॅपमध्ये धातू नसतो. ते दोन तुकडे मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलेत. झिर्कोनियाची कॅप घेणार असाल तर कंपनीचं नंबर असलेलं वॉरंटी कार्ड हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. 'व्हॉट्सॲपवर पाठवतो' चालणार नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, "बाई, हा सिव्हिल मामला." ज्या कचेरीने अशा डॉक्टरांकडे बघायचं, तिथे मराठी अर्ज परत केला, इंग्रजीत आणा म्हणून. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद आहे हे मी त्या बाबूला सांगायचं? इंग्रजीत दिला, तर ॲफिडेव्हिट नाही. ते दिलं, तर मूळ केस पेपर आणा. केस पेपर दवाखान्याकडे, आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर म्हणे बिघडलेला. साहेब आज मीटिंगमध्ये, उद्या रजेवर, मग त्यांची बदलीच झाली. नवे साहेब काय म्हणाले? दुसरीकडे उपचार करून घेतल्यामुळे पुरावा तुम्हीच नष्ट केलात! म्हणजे यांची तारीख लागेपर्यंत मी गालात पू घेऊन बसायचं होतं?

एक्स-रेवर तुमचं नाव आणि तारीख आहे का बघा, आणि तिथेच मोबाइलवर त्याचा फोटो काढा. आधीचा, फाईल घातलेला आणि भरल्यानंतरचा, तिन्ही मागा. रोख तर देऊच नका.

मी आता पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील केलाच पाहिजे असंही नाही. हे कळल्याबरोबर दवाखान्यातून फोन आला, पाच हजार घ्या आणि महिला मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज काढा. मेसेज तिथेच आहे. तिथे 'लेझर' करून घेतलेल्या कुणाकडे साधी गूगल पेची नोंद असली तरी मला कळवा.