अख्खा रविवार की एक संध्याकाळ: ट्वायलाइट इम्पेरियम घ्यावा की एक्लिप्स?

दिवाळीत भाऊ घरी आला होता. कपाटावरचा खोका बघून म्हणाला, "मिक्सर बदललास का?" तो मिक्सर नव्हता, ट्वायलाइट इम्पेरियम नावाचा बोर्डगेम होता. त्याच्या खाली साधारण त्याच आकाराचा दुसरा खोका होता, एक्लिप्सचा. दोन्ही अवकाशातले, दोन्ही साम्राज्य उभारायचे, दोन्ही परदेशातून येणारे आणि दोन्हींची किंमत पाच आकडी. हे दोन खोके पाहिल्यापासून कॉलेज रोड ते नाशिकरोडपर्यंतचे मित्र एकच प्रश्न विचारतात: एकच घ्यायचा असेल तर कोणता? आणि मुळात एवढा मोठा खेळ घ्यावाच का?

आधी ओळख उरकतो. ट्वायलाइट इम्पेरियम हा ख्रिश्चन पीटरसन यांचा खेळ. पहिली आवृत्ती १९९७ची, आता खेळली जाते ती २०१७ची चौथी. एक्लिप्स फिनलंडच्या टौको ताहकोकालिओ यांचा, २०११चा. त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती २०२०ची. घ्यायचा झाला तर हीच दुसरी घ्या. दोन्हींत षटकोनी टाइलांची आकाशगंगा, ग्रह, तंत्रज्ञान, प्लॅस्टिकची जहाजं आणि फासे. लांबून पाहणाऱ्याला सख्खे भाऊ वाटतील. खेळायला बसलं की मात्र दोघांचा स्वभाव अगदी वेगळा निघतो.

वेळेचं आधी बोलू, कारण सगळे तिथेच अडतात. ट्वायलाइट इम्पेरियमच्या खोक्यावर चार ते आठ तास लिहिलंय, एक्लिप्सवर एक तास ते दोनशे मिनिटं. नवख्यांनी दोन्ही आकड्यांतला मोठा आकडाच खरा धरावा, वर जेवणाची सुट्टी वेगळी. आमचा ट्वायलाइट इम्पेरियमचा पहिला डाव मिसळ खाऊन अकराला मांडला. नियम सांगण्यात दीड तास गेला. दोनला वरणभात, पाचला चहा, आणि रात्री साडेनऊला डाव अर्धवट सोडला, कारण दोघांची दुसऱ्या दिवशी सातपूरला पहिली शिफ्ट होती. जिंकायला लागतात दहा गुण. सगळ्यात पुढे असलेल्याचे झाले होते सात. एवढं होऊनही निघताना जिन्यात अर्धा तास सगळे त्याच डावाबद्दल बोलत उभे होते. शेवटी खालच्या काकूंनी दार उघडून बघितलं.

एक्लिप्समध्ये हे होत नाही. आठ फेऱ्या झाल्या की संपलं, कोण कुठेही असो. चौघं सरावलेले असले तर जेवण आटोपून बसावं आणि बाराच्या आत उठावं.

पण निव्वळ तासांवर निर्णय घेऊ नका. मी विचारणाऱ्याला उलटा प्रश्न विचारतो: आपली पाळी नसते तेव्हा तुम्हाला काय करायला आवडतं?

ट्वायलाइट इम्पेरियममध्ये तेव्हा बोलायचं असतं. आठ स्ट्रॅटेजी कार्डं असतात. व्यापार, राजकारण, युद्ध, तंत्रज्ञान वगैरे. एकानं आपलं कार्ड खेळलं की त्याचा मोठा फायदा त्याला, आणि बाकीच्यांना सहसा एक टोकन मोजून छोटा फायदा. म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही तुमचा हात खिशाकडे जातोच. त्याहून गंमत व्यापाराची. प्रत्येकाकडे ठरावीक कमोडिटी, म्हणजे माल, येतात, पण त्या स्वतःला खर्च करता येत नाहीत. दुसऱ्याला दिल्या की त्याच्या हातात त्यांचे पैसे होतात. आमच्यात एक लासलगावचा आहे, घरचा कांद्याचा व्यवहार. हा नियम मी दहा मिनिटं समजावत होतो, तो मध्येच म्हणाला, "अरे, म्हणजे चाळीतला कांदा! चाळीत आहे तोवर नुसता कांदा, मार्केटात गेला की पैसा." त्यानंतर तो नियम मला कुणालाही दुसऱ्या शब्दांत सांगावा लागलेला नाही. प्रत्येक खेळाडू एकेक जमात घेऊन खेळतो, आणि त्यानं अर्थात हाकान ही व्यापारी जमात उचलली. बाकीच्यांना फक्त शेजाऱ्याशीच देवाणघेवाण करता येते, हाकानला टेबलावरच्या कुणाशीही. दुपारपर्यंत त्याच्याकडे सगळ्यांची उधारी होती.

सौद्यांचाही एक कायदा आहे. जे आत्ताच्या आत्ता देता-घेता येतं तेवढंच बंधनकारक. पुढच्या फेरीचा शब्द म्हणजे नुसता शब्द. आमच्या लासलगावकरानं वहिनींकडून दोन नाणी घेऊन "तुमच्या बाजूला येत नाही" असं कबूल केलं आणि पुढच्याच फेरीत त्यांच्या ग्रहावर उतरला. नियमात बसत होतं. चहाचा कप मात्र त्याला स्वतः स्वयंपाकघरात जाऊन आणावा लागला.

मधोमध मेकाटोल रेक्स नावाचा ग्रह असतो. सहा इन्फ्लुअन्स (ग्रहांमुळे मिळणारं राजकीय वजन) मोजून तिथे पहिला जो उतरतो, त्याला एक गुण मिळतो आणि तिथून पुढे दर फेरीला दोन ठरावांवर मतदान सुरू होतं. ज्याच्या ग्रहांचं वजन जास्त त्याची मतं जास्त, आणि सभापती सगळ्यात शेवटी मत देतो. सोसायटीची वार्षिक सभा ज्यांना मनापासून आवडते (अशी माणसं आहेत, प्रत्येक सोसायटीत दोन तरी) त्यांनी पुढचं न वाचता हाच खेळ घ्यावा.

नवख्यांची एक ठरलेली चूक असते: एवढी प्लॅस्टिकची जहाजं दिसली की लढायचंच असं वाटतं. मीही पहिल्या डावात दोन्ही शेजाऱ्यांशी भांडलो आणि शेवटून पहिला आलो. गुण मिळतात ते मुख्यतः उघड्या आणि गुप्त उद्दिष्टांचे. इतके ग्रह धरा, इतकी तंत्रं मिळवा, इतका पैसा एकदम खर्च करा अशा प्रकारची. आपल्या घरच्या मंडलातला एक जरी ग्रह हातचा गेला तरी उघडी उद्दिष्टं नोंदवताच येत नाहीत. तेव्हा फौज ठेवायची ती बहुतेक दाखवायला आणि घर राखायला.

एक्लिप्समध्ये आपली पाळी नसताना माणूस मान खाली घालून स्वतःच्या पाटीकडे बघत असतो. त्या पाटीवर जहाजांचे आराखडे छापलेले असतात, आणि प्रत्येक जहाजात तोफ, इंजिन, ढाल, संगणक, वीजस्रोत असे सुटे भाग बसवायचे. भागांना लागणारी वीज स्रोतापेक्षा जास्त होता कामा नये. मंजूर लोडच्या बाहेर जायचं नाही, तसंच. अंबडच्या टूलरूममध्ये काम करणारा आमचा एक मित्र यात असा रमतो की त्याला दोनदा हाक मारावी लागते. एकदा त्यानं सगळ्यात छोट्या जहाजांवर मिसाइलं चढवली. मिसाइल लढाईच्या सुरुवातीला एकदाच सुटतं, पण तोफांच्या आधी. आम्ही दोन फेऱ्या त्याच्या वाटेला गेलो नाही. मग मी माझ्या क्रूझरवर दोन ढाली बसवल्या. ढाल समोरच्याच्या फाशातून आकडा वजा करते. सहा पडला तरच नेम हमखास बसतो. त्याचे सहा पडलेच नाहीत, मिसाइलं संपली आणि पुढे त्याच्या जहाजांत मारायला काही उरलंच नव्हतं. डाव संपल्यावर तो हरल्याबद्दल नाही, आराखड्यातल्या चुकीबद्दल हळहळत होता.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक्लिप्समध्ये प्रत्येक कृतीला आणि प्रत्येक नव्या प्रदेशाला एक गोल चकती लागते. चकती उचलली की खालचा खर्चाचा आकडा उघडा पडतो. सुरुवातीच्या दोन चकत्या फुकट, मग एक, दोन, तीन, पाच, सात, दहा असा आकडा चढत जातो. फेरीच्या शेवटी पैसे कमी पडले तर कमावलेला प्रदेश सोडावा लागतो. इतक्या मोजक्या साधनांत 'झेपेल तेवढंच घ्या' हा हिशेब दुसऱ्या कुठल्या खेळात मला इतका चोख बसलेला दिसला नाही. लढलेल्याला, अगदी हरला तरी, पिशवीतून गुणांची टाइल मिळते आणि ती झाकून ठेवायची असते. त्यामुळे कोण पुढे आहे ते शेवटच्या मिनिटापर्यंत पक्कं कळत नाही.

आता खोट काढायची तर दोघांतही आहे. एक्लिप्समध्ये शोध घेताना टाइल उलटी ओढायची असते. कुणाला लागोपाठ भिकार टाइली आल्या की तो कोपऱ्यात चरफडत बसतो. आणि टेबल शांत असतं, काहींना ते परीक्षा हॉलसारखं वाटतं. ट्वायलाइट इम्पेरियमचं दुखणं मोठं आहे: सहाव्या तासाला जो मागे पडलाय त्याला स्वतः जिंकता येत नाही, पण कोण जिंकेल हे ठरवता येतं. माणूस सरळ असला तर ठीक. खुनशी असला तर तुमचा अख्खा रविवार त्याच्या हातात.

भाषेचा मुद्दा सहसा कुणी काढत नाही, आपल्याकडे तो काढायला हवा. ट्वायलाइट इम्पेरियमच्या कार्डांवर इंग्रजी मजकूर गच्च आहे, आणि एका शब्दानं अर्थ बदलतो. आमच्या आईला सौदेबाजीत कुणी हरवणार नाही, पण ती या खेळात बसू शकली नाही. दर कार्डाला चष्मा, दर कार्डाला "म्हणजे काय रे?" एक्लिप्स बहुतेक चिन्हांवर चालतो. आकडे आणि खुणा एकदा समजल्या की वाचायचं फारसं उरत नाही.

माणसं किती, हा शेवटचा प्रश्न. एक्लिप्स दोघांपासून सहांपर्यंत चालतो, चौघांत उत्तम. ट्वायलाइट इम्पेरियम तिघांतही होतो, पण तिघांत राजकारण कसलं? त्याला सहाच हवेत. सहा जणांच्या नकाशाला ३७ टाइली लागतात, वर प्रत्येकाची पाटी आणि कार्डांच्या चळती. चौघांच्या जेवणाच्या टेबलावर ते मावत नाही. आम्ही दोन टेबलं जोडतो आणि पंखा दोनवर ठेवतो, नाहीतर कार्डं उडतात. मांडायलाच तास जातो. एक्लिप्सच्या खोक्यात भागांचे कप्पेवाले ट्रे येतात, ते थेट टेबलावर ठेवायचे.

तेव्हा माझं मत असं: चार मित्र नक्की आहेत, पाचवा "बघतो" म्हणतो, तर एक्लिप्स घ्या. तो महिन्याला निघेल. रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत थांबणारी, इंग्रजी कार्डं सहज वाचणारी आणि संध्याकाळी भांडण विसरणारी सहा माणसं तुमच्याकडे असतील, तर ट्वायलाइट इम्पेरियमला तोड नाही. मात्र घेण्याआधी कुणाच्या तरी घरी एक डाव खेळा. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नियमांच्या पुस्तिका फुकट मिळतात, त्या सहाही जणांना आठवडाभर आधी पाठवा. ज्यानं वाचली नाही तो कोण, हे तुम्हाला तेव्हाच कळेल. ट्वायलाइट इम्पेरियमचं २०२०चं 'प्रॉफेसी ऑफ किंग्ज' हे विस्तारपॅक सात जमाती वाढवतं आणि आठ जणांना बसवतं. मूळ खेळाचे चार डाव होईपर्यंत त्याच्याकडे बघूही नका.

आमच्याकडे ट्वायलाइट इम्पेरियम वर्षातून दोनदाच निघतो. आता वेळ ठरलेली आहे: मिसळ आठला, पहिली टाइल साडेनऊला. उशिरा येणाऱ्याला उरलेली जमात. गेल्या वेळी अंबडवाला पावणेअकराला आला आणि त्याच्या वाट्याला नेक्रो व्हायरस आला. त्या जमातीला ठरावांवर मतच देता येत नाही. दिवसभर आम्ही हात वर करत होतो आणि तो खाली मान घालून चिवडा खात होता.